फट बुजली, पण दोरा अडकतोय

प्रश्न : मी वेंगुर्ल्याची, वय २७. वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये लहानपणापासून साधारण दोन मिलिमीटरची फट होती. उजव्या दाताचा कोपरा शाळेत असताना विहिरीच्या काठावर पडून तुटला होता. दहा दिवसांपूर्वी एका दवाखान्यात दोन्ही दातांना कंपोझिट बाँडिंग, म्हणजे दाताच्या रंगाचा माल थेट दातावर चिकटवून आकार देणं, करून घेतलं. तासा-दीड तासात काम झालं, फट गेली, कोपराही भरला. 'दोन दिवस चहा नको' एवढंच सांगितलं. आता जीभ लावली की दाताच्या मागे कंगोरा लागतो. फ्लॉसचा दोरा अडकतो, तंतू सुटून बाहेर येतो आणि थोडं रक्तही दिसतं. तोंड मिटताना उजवा दात आधी टेकतो. तीन आठवड्यांवर गणपती आहेत. घरात चाकरमानी येणार, सोलकढी, पातोळ्या, मालवणी जेवण सगळं होणार. अबोलीचे वळेसर मीच गुंफते आणि दोरा दाताने तोडायची सवय आहे. चुलतबहिणीच्या अशाच दातांना वर्षभरात कडेने तपकिरी रेघ आली, त्यामुळे धास्ती वाटते. मावशी म्हणते, कायमच्या कॅपा घालून टाकायला हव्या होत्या. मी काय करू?

उत्तर : नमस्कार. ज्यांनी काम केलं त्यांनाच आज फोन करा आणि याच आठवड्यातली वेळ मागून घ्या. गणपती होऊन जाऊ देत, असं करू नका. मागचा कंगोरा, फाटणारा दोरा आणि आधी टेकणारा दात, या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. दातावर माल चढवला गेलाय, पण तो कडेने कापून, चाव जुळवून आणि घोटून पुरा झालेला नाही. काम बिघडलं असं लगेच समजू नका. ते अर्ध्यावर आहे. बाँडिंगच्या दिवशी तासभर तोंड उघडं असतं, हिरडीच्या कडेला थोडं रक्त आलेलं असतं, दात सुकून पांढरेफटक दिसत असतात. अशा वेळी शेवटची कड नीट दिसत नाही आणि रंगही खरा कळत नाही. म्हणून काळजीने काम करणारे डॉक्टर काही दिवसांनी पुन्हा बोलावतात. तुम्हाला बोलावलं नसेल तर तुम्ही मागा. ती बैठक तुमच्या हक्काची आहे आणि या कामाचं पुढचं सगळं आयुष्य तिच्यावर अवलंबून आहे.

फोन करण्याआधी एक तपासणी घरी करा, म्हणजे डॉक्टरांना नेमकं सांगता येईल. चाळीसेक सेंटिमीटर फ्लॉस घ्या, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा आणि मध्ये दोन-तीन सेंटिमीटर ताणून धरा. आरशासमोर दोन दातांच्या सांध्यात हलकेच मागेपुढे करत सरकवा. काम नीट झालेलं असेल तर 'टिच' असा छोटा आवाज होऊन दोरा सांधा ओलांडतो. मग तो एका दाताच्या अंगाला लपेटून हिरडीच्या कडेपर्यंत वर नेला तरी काचेवरून बोट फिरावं तसा सरकतो आणि अखंड बाहेर येतो. तुमचा दोरा आत जातोय पण हिरडीजवळ अडकून फाटतोय, असं असेल तर तिथे दोनपैकी एक गोष्ट आहे. एक तर कंपोझिट दाताच्या रेषेबाहेर ओठासारखं पुढे आलंय, नाहीतर चिकटवण्याचं पातळ द्रव्य ओघळून तिथे कडक झालंय. दोरा सांध्यातून मुळीच जात नसेल तर दोन्ही दात एकमेकांना चिकटलेत आणि ते सुटे करावे लागतील. या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना हत्यारंही वेगळी लागतात, म्हणून फोनवरच सांगा. दोरा अडकला तर सांध्यातून परत ओढून काढू नका. एक टोक सोडा आणि दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर खेचा.

रक्त येतंय म्हणून तिथे ब्रश लावायचं टाळू नका. रक्त त्या पुढे आलेल्या कडेखाली साचणाऱ्या किटणामुळे येतंय. कड काढली आणि जागा स्वच्छ राहिली की हिरडी आठवडा-दोन आठवड्यांत शांत होते. कड तशीच ठेवून कितीही गुळण्या केल्या तरी सूज राहणार. आणि नेलफाइल किंवा पॉलिश पेपर घेऊन घरी कंगोरा घासायचा मोह होईल, तो अजिबात नको. मूळ दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, घासलं गेलं तर ते परत येत नाही.

फट बुजवणं हे तुटका कोपरा भरण्यापेक्षा अवघड काम आहे. लोकांना उलटं वाटतं. कोपरा भरताना उरलेला दात आकार दाखवत असतो. फटीत तसा आधार काहीच नसतो. दोन मिलिमीटरची फट असेल तर दोन्ही दातांना एकेक मिलिमीटर वाढवावं लागतं, नाहीतर एक दात फळीसारखा रुंद दिसतो. ही वाढ हिरडीच्या कडेच्या किंचित आतून सुरू होऊन हळूहळू फुगत सांध्यापर्यंत यायला हवी. ती एकदम सुरू झाली की कपाटाच्या फळीसारखी पायरी तयार होते आणि तुमचा दोरा तिथेच अडकतो. ती फार कमी ठेवली तर दातांच्या मुळाशी काळा त्रिकोण दिसतो. हिरडी आणि दात यांच्यामधल्या या जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्यात डॉक्टरांचा हात कळतो.

आता हा माल दाताला धरून कसा राहतो ते समजून घ्या, कारण पुढची सगळी पथ्यं त्यातूनच येतात. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दाखवून दिलं की फॉस्फोरिक आम्लाने एनॅमल किंचित खरवडलं की राळेला, म्हणजे रेझिनला, तिथे घट्ट पकड मिळते. १९६२ साली राफाएल बोवेन यांनी पेटंट घेतलेली राळ आजच्या बहुतेक कंपोझिटच्या पायाशी आहे. त्या राळेत काचेची आणि सिलिकाची अतिसूक्ष्म पूड भरलेली असते. दवाखान्यात दात आधी स्वच्छ करतात, मग साधारण ३७ टक्क्यांचं आम्ल १५ ते ३० सेकंद लावून पाण्याने धुतात. सुकवल्यावर एनॅमल चुन्यासारखं, बिनचमकीचं पांढरं दिसलं पाहिजे. त्यावर चिकटद्रव्याचा अगदी पातळ थर देऊन, हवेने आणखी पातळ करून, निळ्या दिव्याने कडक करतात. मग कंपोझिट दोन मिलिमीटरपेक्षा जाड नाही अशा थरांनी चढवतात आणि प्रत्येक थराला साधारण २० सेकंद दिवा देतात. जाड थर लावला तर प्रकाश तळापर्यंत पोचत नाही, वरून टणक आणि आतून मऊ असा दात तयार होतो. कडक होताना माल दोन-तीन टक्के आक्रसतो, म्हणूनही थोडं थोडं चढवणं बरं. घाईत मोठा गोळा लावला तर तो आक्रसताना कडेला ताण देतो, आणि पुढे वर्षभराने दिसणाऱ्या रेघेचं बी तिथेच पेरलं जातं.

या साखळीत सगळ्यात नाजूक क्षण आहे तो आम्ल धुऊन दात सुकवल्यानंतरचा. त्या पांढऱ्या पृष्ठभागावर लाळेचा, रक्ताचा किंवा पाण्याचा थेंब लागला की पकड गेली. मग आम्ल पुन्हा लावून तो भाग नव्याने करावा लागतो. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात याची जास्त काळजी घ्यावी लागते. हवेतला ओलावा कंप्रेसरच्या टाकीत पाणी होऊन साचतो आणि ती रोज रिकामी केली नाही तर दात सुकवणाऱ्या नळीतून हवेबरोबर बारीक तुषार येतात. जाणते डॉक्टर आधी आरशावर हवा मारून बघतात. आरसा धुरकटला किंवा ठिपके उठले तर नळी नीट होईपर्यंत पुढे जात नाहीत. दातांभोवती रबरी पडदा, म्हणजे रबर डॅम, लावला की तोंडातल्या वाफेचाही प्रश्न बराचसा सुटतो. पुढे कधी दुरुस्ती झाली तर पडदा लावाल का, असं खुशाल विचारा. त्यात कुणाचा अपमान नाही.

दुसऱ्या बैठकीत काय व्हायला हवं ते सांगतो. आधी हिरडीजवळची कड. ती बारीक वाकड्या पात्याने आणि बारीक खरखरीत पट्टीने काढतात. भूल लागत नाही, फार तर हिरडीला थोडं बोचतं. काढून झाली की डॉक्टरांसमोरच फ्लॉस घालून बघायचा. अखंड बाहेर आला पाहिजे. मग चाव. निळा-लाल पातळ कागद दातांमध्ये ठेवून तुम्हाला चावायला लावतील. इथे तुम्ही एक गोष्ट आठवणीने करा. खुर्ची उभी करायला सांगा आणि ताठ बसूनही एकदा चावून दाखवा, कारण आडवं झोपल्यावर खालचा जबडा थोडा मागे जातो आणि ठसे वेगळे येतात. नुसतं मिटून चालत नाही. खालचे दात पुढे सरकवून, डावीकडे-उजवीकडे नेऊनही बघायचं. पुढे सरकवताना दोन्ही दातांवर सारखा ठसा यावा. तुमच्या उजव्या दातावर एकट्यावर गडद ठिपका येत असेल तर प्रत्येक घासाला तोच मार खातोय आणि टवका उडायचा झाला तर तिथूनच उडेल. एवढी एक गोष्ट गणपतीआधी झाली तरी निम्मी काळजी मिटली.

शेवटी घोटणं. जाड खरीपासून बारीक खरीपर्यंत चकत्या क्रमाने फिरवतात, मग रबरी टोकं आणि शेवटी पेस्ट. मधली पायरी गाळली तर आधीच्या चकतीचे ओरखडे खाली तसेच राहतात आणि वरची चमक महिन्याभरात उतरते. कंपोझिटचा सगळ्यात वरचा पापुद्रा हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुरता कडक होत नाही, जरा चिकट राहतो. तो घोटून काढला नाही तर चहा, हळद, कोकम, जे येईल ते शोषून घेतो. काही डॉक्टर शेवटी ग्लिसरिनचा थर देऊन त्यावरून पुन्हा दिवा मारतात, त्याने हा पापुद्रा हवेपासून वाचून नीट कडक होतो. तुमच्या जिभेला मागे खरखर लागते आहे, म्हणजे मागची बाजू घोटायची राहिली असण्याची शक्यता मोठी. समोरून दिसत नाही म्हणून ती नेहमी मागे पडते, आणि किटण तर तिथेच आधी बसतं.

रंगाबद्दलही त्याच वेळी बोलून घ्या. पहिल्या दिवशीचा रंग फसवा असतो, कारण सुकलेला दात फिकट दिसतो आणि लाळेत भिजून एक-दोन दिवसांत मूळ रंगावर येतो. आता दहा दिवस झालेत. आज खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात जो फरक दिसतो तो खरा. ओठ जरा भिजवून बघा आणि पटत नसेल तर आत्ताच सांगा. दात पांढरे करून घ्यायचं मनात असेल तर मात्र थांबा आणि डॉक्टरांशी बोला. ब्लीचिंगने मूळ दात उजळतात, कंपोझिटचा रंग बदलत नाही. क्रम असा असायला हवा होता की आधी ब्लीचिंग, मग किमान दोन आठवडे थांबणं आणि नंतर बाँडिंग. ब्लीचिंगनंतर लगेच काम केलं तर दातात उरलेला ऑक्सिजन चिकटद्रव्याला पक्कं होऊ देत नाही. बाजारातले पांढरे करणारे संच आता गुपचूप वापरले तर पंधरा दिवसांत दोन रंगांचे दात दिसू लागतील.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, पण ती आम्हाला महत्त्वाची वाटते. उजवा दात लहानपणी पडून तुटला होता. मार बसलेल्या दाताची नस कधी कधी वर्षांनी हळूहळू मरते आणि दुखत काहीच नाही. त्या दाताचा एक्स-रे झाला होता का, थंड लावून तपासला होता का, ते विचारा. नसेल तर या भेटीत करून घ्या. दात करडा पडू लागला, हिरडीवर फोड आली, चावताना ठणका लागला तर तो बाँडिंगचा दोष नाही, मुळाचं दुखणं आहे आणि त्याचा इलाज वेगळा. काम झाल्यावर काही दिवस गार पाण्याची शिणशिण होऊ शकते आणि ती कमी होत जाते. रात्री आपोआप ठणकून जाग येणं मात्र साधं नाही. आणखी एक. तुमची फट लहानपणापासूनची आहे म्हणून ठीक. मोठेपणी नव्याने पडलेली किंवा वाढत जाणारी फट असेल तर आधी हिरड्या आणि हाड तपासायला हवं, ती नुसती बुजवून चालत नाही. ही ओळ चाळिशी ओलांडलेल्या वाचकांसाठी मुद्दाम लिहितोय.

आता जेवण. पहिले दोन दिवस रंगीत पदार्थ टाळायचे असतात आणि ते तुमचे झाले. फक्त चहा नको म्हणून सांगितलं, पण खरं तर आपल्या स्वयंपाकघरात चहापेक्षा हळद जास्त रंगवते. हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. कंपोझिटमधली राळही तेलकट गोष्टी धरून ठेवणारी. म्हणून नारळाच्या रसातली, वर तेलाचा तवंग आलेली मालवणी आमटी डाग द्यायला साध्या हळदीच्या दुधापेक्षा वरचढ. कोकमात लाल-जांभळा रंग आणि आंबटपणा दोन्ही आहेत. सोलकढी सोडायला आम्ही सांगणार नाही, कोकणात राहून ते सांगण्यात अर्थही नाही. जेवणाबरोबर वाटीभर प्या आणि मग साध्या पाण्याने चूळ भरा. दुपारभर कोकम सरबताचे घोट घेत बसणं मात्र दाताला जास्त त्रासदायक, कारण प्रत्येक घोटाला आम्लाचा नवा हल्ला होतो. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या. करवंदं, जांभळं, कैरीचं लोणचं यांनाही हाच नियम. दुसऱ्या बैठकीत घोटून झालं की त्या दिवसापासून पुन्हा दोन दिवस हळद-चहा-कोकम आवरा. भेट गणपतीच्या आदल्या दिवशी नको असं आम्ही म्हणतो त्याचं हेही कारण आहे. उकडीचे मोदक आणि पातोळ्या बिनधास्त खा. पातोळीला हळदीच्या पानाचा वास लागतो, दाताला पिवळा रंग नाही.

घरात कुणी मिश्री लावत असेल आणि तुम्हालाही ती सवय असेल तर बाँडिंग टिकण्याची आशा ठेवू नका. भाजलेल्या तंबाखूची पूड दात घासते, रंगवते आणि हिरड्या खाते, कर्करोगाचा धोका वेगळाच. पानातला कात, तंबाखू, सिगारेट यांचंही तेच. लोहाची पातळ औषधं घ्यावी लागली तर स्ट्रॉने घ्या. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या डॉक्टरांनी दिल्या तर तेवढ्याच दिवस करा, लांबवल्या की तपकिरी डाग येतात, त्यात चहा भर घालतो. रोजच्या गुळणीसाठी अल्कोहोल नसलेली बाटली घ्या, अल्कोहोलने राळ मऊ पडते.

वळेसराचा दोरा. तोडताना तुम्ही काय करता ते आठवा. दोरा वरच्या-खालच्या दातांच्या धारेत धरता, हाताने ताणता आणि झटका देता. दाबाला कंपोझिट बरंच सोसतं, पण वाकवणाऱ्या, ओढणाऱ्या जोराला ते कच्चं आहे. झटका नेमका त्याच दिशेने बसतो, आणि बसतो तो भरलेल्या कोपऱ्यावर, जिथे खाली मूळ दाताचा आधार नाही. वर्षानुवर्षं दोरा तोडणाऱ्या शिंप्यांच्या मूळ दातांवरसुद्धा खाच पडते, मग हा तर चढवलेला माल. फुलांच्या ताटलीतच एक छोटी कात्री ठेवा, हाताशी असली की सवय मोडते. केसांतल्या पिना दाताने उघडणं त्याच जातीचं. बाटलीचं झाकण, पिशवीची गाठ, पेनचं टोपण, नखं, सगळंच बंद. जेवणात कुर्लीची नांगी वरवंट्याने किंवा अडकित्त्याने फोडा. मालवणी खाजं हाताने मोडून दाढेखाली घ्या, फणसाचे तळलेले गरे मागेच चावा. कणीस आणि ऊस पुढच्या दातांनी सोलायचे नाहीत. कैरी, पेरू, सफरचंद कापून खा. एवढं पाळलं की बाकी काही सोडावं लागत नाही. झोपेत दात खाण्याची सवय असेल, सकाळी जबडा आवळलेला किंवा कानशिलं जड वाटत असतील, तर रात्री घालायचा कडक गार्ड करून घ्या. त्याशिवाय धारेवरचं बाँडिंग टिकत नाही.

ब्रश मऊ केसांचा, दोन वेळा, दोन मिनिटं. फ्लोराइडची साधी पेस्ट वाटाण्याएवढी. मूळ एनॅमल कंपोझिटपेक्षा कितीतरी टणक असतं, त्यामुळे खरखरीत काहीही वापरलं की आधी बाँडिंगची चमक जाते. कोळशाची पूड, राखुंडी, लाल दंतमंजन, मीठ, 'डाग घालवणाऱ्या' पेस्ट सगळ्या याच कारणासाठी बाजूला ठेवा. चमक गेली की डाग बसतो, डाग बसला की माणूस अजून जोराने घासतो आणि चमक आणखी जाते. फ्लॉस रोज रात्री एकदा, सांध्यातून परत न ओढता बाजूने सोडवून. सहा महिन्यांनी तपासणीला जा. दात साफ करून घेताना पुढच्या दोन दातांना बाँडिंग आहे हे आधीच सांगा, म्हणजे थरथरणारं यंत्र त्या कडेवर फिरवणार नाहीत. फ्लोराइड लावायचं झालं तर आम्लधर्मी जेल नको, साधं न्यूट्रल लावा म्हणावं. आम्लाचं जेल कंपोझिटमधल्या काचेच्या कणांना खातं. वर्षातून एकदा घोटून घेतलं की पुष्कळसं जुनेपण निघून जातं.

चुलतबहिणीची तपकिरी रेघ पुसून काढायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, आधी ती कसली आहे ते बघावं लागतं. काठ खरखरीत राहिला आणि वरवर चहा बसला, तर चकत्यांनी घोटून जाते. दाताच्या मूळ पृष्ठभागावर माल कागदासारखा पातळ पसरला असेल तर त्याचा काठ उचलतो आणि खाली रंग शिरतो. तेवढा पापुद्रा छाटून काठ पुन्हा जुळवला की काम भागतं. अशा रेघा बहुतेक याच जातीच्या असतात. तिसरी मात्र जड, जिथे पकडच सुटून आत पाणी जातंय आणि खाली कीड धरते. तिथे सुईसारखं टोक अडकतं, दात मऊ लागतो, तेवढा भाग काढून नवा करावा लागतो. दात सुकवून चांगल्या उजेडात बघितल्याशिवाय फोटोवरून यातलं काय ते सांगता येत नाही. बहिणीला तपासणीला पाठवा, पहिल्या दोन प्रकारांत काम थोडक्यात होतं.

मावशींना मात्र प्रेमाने नाही म्हणा. २७ वर्षांच्या धडधाकट दातांना कॅप घालायची म्हणजे दात चारी बाजूंनी एक ते दीड मिलिमीटर कोरून काढायचा. 'कायमचं' होतं ते हे कोरणं, कॅप तर आयुष्यात पुन्हा बदलावी लागतेच. पोर्सेलिनच्या पातळ पापुद्र्यालाही बहुधा अर्धा मिलिमीटर एनॅमल द्यावं लागतं. बाँडिंग साधारण पाच-सात वर्षं, नीट जपलं तर त्याहून जास्त चालतं, मधे टवका उडाला तर तिथल्या तिथे भरता येतो आणि खालचा दात जवळजवळ जसाच्या तसा राहतो. तुमच्या वयाला आणि तुमच्या फटीला हाच उपाय योग्य होता, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भेटीत एक चिठ्ठी लिहून मागा. वापरलेल्या मालाची कंपनी आणि नाव, रंगाचा क्रमांक म्हणजे ए-१, ए-२ वगैरे, आणि तारीख. उद्या लग्न होऊन मुंबईला गेलात आणि तिथे कोपरा उडाला, तर तिथल्या डॉक्टरांना तोच रंग जुळवायला याची मोठी मदत होते. जुन्या मालावर नवा बसवताना पृष्ठभाग खरवडून, सिलेन नावाचं द्रव्य लावून मग चिकटद्रव्य लावतात. तसं केलं की सांधा सहसा दिसत नाही.

आणि गणपतीच्या धामधुमीतच टवका उडाला तर घाबरू नका. धार जिभेला लागत असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं दातांचं मेण वाटाण्याएवढं दाबून बसवा, जेवताना काढा. फेव्हिक्विकसारखं काहीही तोंडात लावायचं नाही. निघालेला तुकडा जपून ठेवायची गरज नाही, तो परत चिकटवत नाहीत, नवा माल लावतात. दुखत नसेल तर विसर्जनानंतर गेलात तरी चालेल. गार लागलं की कळ येत असेल किंवा आतला दात पिवळसर उघडा दिसत असेल, तर दुसऱ्याच दिवशी जा.